तालीलायूची आठ बोटं: एका पडलेल्या इन्युइट शिल्पाच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं एका लहान गावाचं सार्वजनिक वाचनालय. गावातल्या एका दिवंगत गृहस्थांच्या घरून त्याला इन्युइटांची, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची, सात शिल्पं देणगीत मिळाली. हे प्रकरण त्यांतल्या सर्वांत मोठ्या शिल्पाचं. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील आणि मापं थोडी बदलली आहेत.

शिल्प ४१ सेंमी लांब, २३ सेंमी उंच, वजन ११.२ किलो. गडद हिरवा दगड, त्यात काळ्या शिरा. कमरेपर्यंत बाई, खाली दोन पात्यांची शेपटी. पाठीवर एकच जाड वेणी. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरलेले, तळवे पाहणाऱ्याकडे. अंगठे पूर्ण आहेत, पण बाकीची आठ बोटं पहिल्या पेराच्या आतच संपतात. डोक्याच्या उजव्या अंगाला, केसांत, ६ मिमी रुंद आणि ११ मिमी खोल भोक. तळाशी इन्युक्टिटुट या इन्युइटांच्या भाषेच्या लिपीतली सही आणि ‘ई७’ने सुरू होणारा क्रमांक. सोबत दोऱ्याचा इग्लू टॅग, त्यावर कारागिराचं नाव आणि गाव: केप डॉर्सेट. २०२० पासून या गावाचं अधिकृत नाव किन्गाइत आहे.

टॅग आणि क्रमांक यांवरून काय कळतं आणि काय कळत नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. इग्लू टॅग हे कॅनडा सरकारने १९५८ मध्ये आणलेलं चिन्ह, २०१७ पासून ते इन्युइट आर्ट फाउंडेशनकडे आहे. वस्तू इन्युइट कारागिराने हाताने घडवली, एवढीच हमी ते देतं. क्रमांकाचं मूळ वेगळं आणि कडू आहे. आडनावं नसलेल्या माणसांची नोंद ठेवता यावी म्हणून सरकारने १९४०च्या दशकात इन्युइटांना क्रमांकाच्या चकत्या दिल्या होत्या. उत्तरेतल्या बॅफिन बेटाच्या दक्षिण भागासाठी (केप डॉर्सेट त्यातच येतं) ‘ई७’ ही मालिका होती. १९७०च्या सुमारास आडनावं नोंदवली गेली आणि चकत्या मागे पडल्या. त्यामुळे त्या काळातल्या दगडांवर सही आणि क्रमांक दोन्ही सापडतात. कारागीर शोधायला क्रमांक फार उपयोगी पडतो. पण प्रदर्शनाच्या पाटीवर तो नावासारखा छापू नये.

शिल्पाचा विषय मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. दात्याच्या वहीत ‘मर्मेड’, म्हणजे जलपरी, एवढा एक शब्द होता. वाचनालयाच्या नोंदवहीत तोच जसाच्या तसा उतरला आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

काय घडलं

प्रदर्शनासाठी शिल्प खाली आणताना पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ सुटला आणि ११ किलोचा दगड टेबलाच्या उंचीवरून फरशीवर आदळला. शेपटीचं उजवं पातं तुटलं. त्याचे तीन तुकडे झाले: एक ६४० ग्रॅमचा, एक पाचरीसारखा ३१ ग्रॅमचा आणि एक नखाएवढी कपची. डाव्या अंगठ्याचं टोक उडालं. वेणीवर आपटल्याचा पांढरट डाग पडला.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहणी करून नुकसान लिहिलं: शेपटी तुटली, वेणी खरचटली, ‘दोन्ही हातांची आठ बोटं व एक अंगठा गहाळ’. त्याचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. अंगठे आहेत आणि बोटं नाहीत, शिवाय एक अंगठा तर नुकताच तुटलेला दिसतोय. मग बोटंही तुटलीच असणार. मर्मेडला बोटं असतातच.

एका दुरुस्ती कारखान्याने २,४०० डॉलरचं अंदाजपत्रक दिलं. शेपटीत ८ मिमीची स्टेनलेस स्टीलची सळई, एपॉक्सी गोंद, रंग मिसळलेल्या रेझिनची आठ नवी बोटं, केसांतलं भोक बुजवणं आणि शेवटी सगळ्या शिल्पाला नवं पॉलिश, असं काम त्यात होतं. कंपनीने आठवडाभरात ते मंजूर केलं.

काम थांबलं ते एका साध्या प्रश्नामुळे. फुटलेलं खोकं कर्मचाऱ्यांनी फेकलं नव्हतं. तळाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या कपच्या होत्या, अंगठ्याचं टोकही होतं. आठ बोटांचा मात्र एकही तुकडा नव्हता. मग बोटं गेली कुठे?

हातांची तपासणी

वाचनालयाने संवर्धकाकडे, म्हणजे कलावस्तू जपण्याचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे, दुसरं मत मागितलं. तपासणीला तासभर लागला. साधनं तीन: दहापट मोठं दाखवणारं भिंग, अगदी आडवा धरलेला टेबलदिवा आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च.

या दगडाचं ताजं तुटलेलं तोंड फिकट, राखाडी हिरवं, दाणेदार आणि निस्तेज असतं. कड बोटाला टोचते. डाव्या अंगठ्याचं आणि शेपटीचं तोंड अगदी असंच होतं. बोटांच्या थोटक्या टोकांची गोष्ट निराळी. भिंगाखाली तिथे कानशीच्या समांतर रेघा दिसल्या, त्यांवर पॉलिश पेपर फिरल्याच्या बारीक रेघा, आणि प्रत्येक कड साधारण १ मिमी गोल केलेली. रंग मनगटाइतकाच गडद. टॉर्चच्या उजेडात मनगटावरचं जुनं मेण निळसर चमकत होतं आणि तीच चमक आठही टोकांवर सलग जात होती. तुटलेल्या तोंडांवर काहीच चमकलं नाही.

आठ बोटं कारागिरानेच थोटकी ठेवली होती. नुकसान फक्त डाव्या अंगठ्याचं होतं.

दगडाची जातही याच बैठकीत पाहिली. दात्याच्या वहीत सोपस्टोन, म्हणजे आपलं शंखजिरं, असं लिहिलं होतं. शंखजिऱ्यावर नखाने ओरखडा उठतो. इथे उठला नाही, सुईने तळाशी उठला. पाचरीचा तुकडा हवेत ३१.२ ग्रॅम भरला, दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर १९.२. म्हणजे घनता २.६, सर्पेंटाइन या हिरव्या दगडाला साजेशी. शंखजिरं २.७ ते २.८ भरतं, आणि रेझिनमध्ये दगडाची पूड घालून ओतलेल्या नकला बहुधा २च्या खाली राहतात. या फरकाला व्यवहारात अर्थ आहे. सर्पेंटाइनच्या पांढऱ्या तंतुमय शिरांत क्रिसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा एक प्रकार, असू शकतो. असा दगड कोरडा घासायचा नाही, त्यात ड्रिलही चालवायचं नाही. एवढ्यावरच कारखान्याच्या अंदाजपत्रकातली सळई आणि पॉलिश ही दोन कामं बाद झाली.

ती कोण आहे

हात मुद्दाम असे केले असतील, तर का? इथे कथेशिवाय गत्यंतर नाही.

कॅनडाच्या दक्षिणेकडच्या गॅलऱ्यांत समुद्रातल्या या बाईला सरसकट ‘सेड्ना’ म्हणतात. हे नाव मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावर केलेल्या नोंदींमुळे जगभर पसरलं. किन्गाइतमध्ये ती तालीलायू, नात्तिलिक या दुसऱ्या इन्युइट गटात नुलियायुक, ग्रीनलंडमध्ये सास्सुमा आर्ना. कथाही गावागणिक बदलते. बोआस यांच्या नोंदीत तिचा नवरा माणसाच्या रूपातला समुद्रपक्षी. बाप तिला होडीतून परत आणतो, वाटेत वादळ उठतं, आणि तो घाबरून तिला पाण्यात ढकलतो. ती होडीची कड धरते. बाप पहिली पेरं तोडतो, त्यांचे देवमासे होतात. दुसरी पेरं तोडतो, त्यांचे सील. उरलेली थोटकं तोडतो, त्यांचे मोठे दाढीवाले सील. नात्तिलिकांच्या कथेत ती अनाथ पोर आहे आणि तिला पाण्यात लोटणारे गावचेच लोक आहेत. नवरा बदलतो, बाप बदलतो, पण बोटं कुठेच वाचत नाहीत.

पुढचा भाग केसांचा. माणसं पाळायचे निर्बंध मोडतात तेव्हा त्यांची घाण समुद्राच्या तळाशी तिच्या केसांत साठते आणि शिकारीची जनावरं तिथे अडकतात. तिला बोटं नाहीत, त्यामुळे केस विंचरता येत नाहीत. मग अंगाकूक, म्हणजे गावचा शामान, तळाशी उतरतो, तिचे केस विंचरतो, वेणी घालतो, आणि सील परत वर येतात.

आता भोकाकडे पाहा. आत तपकिरी गोंदाचे अवशेष होते, म्हणजे तिथे काहीतरी बसवलेलं होतं. किन्गाइतचे कारागीर दगडात हस्तिदंत, शिंग किंवा बलीन (देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या) जडवतातच. वेणीच्या मुळाशी फणी असण्याची शक्यता दाट होती. तसं असेल तर थोटकी बोटं, वेणी आणि भोक ही एकाच वाक्यातली तीन पदं ठरतात. कारखाना पहिलं पद बदलणार होता आणि तिसरं पुसणार होता. आपल्या मनात ‘खंडित मूर्ती’ची भीती असते. इथे उलट आहे: खंड हाच विषय आहे, आणि ही पूजेची मूर्तीही नाही.

कोणाला विचारायचं

पहिला खरा निर्णय इथे होता. संवर्धकाचं मत हाती होतं, विम्याची मुदत ६० दिवसांची होती. अहवाल जोडून काम सुरू करता आलं असतं. कारागीर हयात नव्हते, पण किन्गाइतमध्ये १९५९ पासून कलाकारांची सहकारी संस्था आहे आणि सही-क्रमांकावरून कुटुंबापर्यंत पोचता येतं. वाचनालयाने थांबायचं ठरवलं. मधल्या काळात फक्त मागे घेता येईल एवढंच केलं: तुकडे धुतले नाहीत, मऊ ब्रशने झटकले, क्रमांक घालून फोममध्ये वेगळे ठेवले, सगळ्या बाजूंनी मोजपट्टीसह फोटो काढले. विमा कंपनीला मुदतवाढीचं पत्र गेलं. ३० दिवसांची वाढ मिळाली.

पहिल्या पत्रात चूक झाली. त्यात चौदा प्रश्न होते आणि सगळे इंग्रजीत. तीन आठवडे उत्तर नाही. दुसऱ्यांदा एक पान, पाच फोटो, तीन प्रश्न, इन्युक्टिटुटमध्ये भाषांतर करून, आणि वेळ दिल्याबद्दल मानधनाचा स्पष्ट आकडा. दोन आठवड्यांत कुटुंबाचं उत्तर आलं. ती तालीलायू आहे. हात असेच आहेत, त्यांना हात लावू नये. भोकात काय होतं ते नक्की सांगता येणार नाही. कारागीर कधीकधी कॅरिबूच्या, म्हणजे उत्तरेतल्या रेनडिअरच्या, शिंगाची फणी लावत. हवी असेल तर कुटुंबातला एक जण नवी करून देईल.

दुरुस्तीचे पर्याय

शेपटीसाठी तीन रस्ते होते.

सळई आणि एपॉक्सी: सर्वांत मजबूत. पण मूळ दगडात भोक पाडावं लागणार आणि धुळीचा धोका होताच. शिवाय पुढे कोणी शेपटी धरून शिल्प उचललं, तर सळई दगडालाच आतून फोडते.

दोन्ही तोंडांवर पॅरालॉइड बी-७२ या विरघळणाऱ्या रेझिनचा थर आणि मध्ये एपॉक्सी: जड तुकड्यांसाठी ही रूढ पद्धत आहे. पुढे सांधा सोडवायचा झाला तर खालचा थर विरघळतो.

नुसता बी-७२: हा ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळतो, पिवळा पडत नाही, केव्हाही सोडवता येतो. उणीव अशी की ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तो मऊ पडू लागतो.

आकडे पाहिले तर तिसरा रस्ता पुरेसा होता. सांध्याचं क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस सेंमी, त्यावर लटकणारं वजन पाऊण किलोहून कमी. नुसतं उभं राहण्यासाठी सांध्यावर जवळजवळ काहीच ताण येत नाही. धोका उचलण्याचा. आणि त्या वेळी दगडापेक्षा सांधा आधी सुटलेला बरा. बी-७२ निवडला, एका अटीवर: शिल्पाची ठरलेली जागा दक्षिणेकडच्या खिडकीत होती, ती बदलायची. बंद काचपेटीत उन्हाने ४० अंश गाठायला वेळ लागत नाही.

भोकासाठी दोन पर्याय उरले: रिकामं ठेवणं किंवा कुटुंबाकडून शिंगाची फणी करून घेणं. वॉलरसच्या दाताचा विचार लगेच सोडला, कारण शिल्प कधी अमेरिकेतल्या प्रदर्शनाला गेलं तर तिथला १९७२चा सागरी सस्तन प्राणी कायदा आडवा येतो. शिंगाला ती अडचण नव्हती. तरी वाचनालयाने भोक रिकामं ठेवलं, कारण नेमकं काय होतं याचा पुरावा नव्हता. निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, पण घाईचा होता. फणी गोंद न लावता नुसती खोचता आली असती, नवं काम म्हणून वेगळी नोंदवता आली असती, आणि कारागिराच्या घरात एक काम गेलं असतं. किंमत विचारायचं तरी राहिलं.

प्रत्यक्ष काम

तुटलेली तोंडं मऊ ब्रशने, मग इथेनॉल आणि पाणी समभाग घेऊन कापसाच्या बोळ्याने पुसली. कडेचं जुनं मेण व्हाइट स्पिरिटने फक्त २ मिमी पट्टीत काढलं, कारण मेणावर रेझिन धरत नाही. आधी १० टक्के बी-७२चा पातळ हात. वाळल्यावर ५० टक्क्यांचं जाड द्रावण, तोंडाच्या मध्यभागी ठिपक्यांत, कडेपासून ३ मिमी सोडून, म्हणजे दाबल्यावर बाहेर ओघळत नाही.

पहिल्या प्रयत्नात काम फसलं. पाचर मोठ्या तुकड्याला आधी जोडली, मग दोन्ही मिळून शेपटीला लावायला घेतली. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा तिरकसपणा राहिला होता. तेवढ्याने शेवटच्या कपचीचं तोंड बंद झालं, ती बसेचना. कारण सोपं: तीन तुकडे टेपने कोरडे जुळवून पाहिले होते, पण कुठला तुकडा कुठल्यावाचून आत सरकत नाही, हा क्रम लिहून ठेवला नव्हता. ॲसिटोनचा बोळा फॉइलखाली दीड तास ठेवून सांधा सोडवला. एपॉक्सी असती तर हा प्रसंग एवढ्यावर निभावला नसता. दुसऱ्या वेळी क्रम उलटा: पाचर शेपटीला, मग मोठा तुकडा, शेवटी कपची.

शिल्प वाळूच्या पेटीत असं कलतं रोवलं की मोठ्या तुकड्याचं वजन सरळ सांध्यावर यावं. शिकंजा लावला नाही. २४ तास हात लावला नाही आणि तीन आठवडे उचललं नाही. घट्ट दगडाच्या रुंद सांध्यातून ॲसिटोन फक्त कडेने बाहेर पडतो. वरून कोरडा दिसणारा सांधा आत ओला असू शकतो.

अंगठ्याचं टोक त्याच पद्धतीने, एका ठिपक्यात. कडेला २ मिमीहून मोठे टवके होते, तिथेच लांबी (पुट्टी) भरली: बी-७२, काचेचे सूक्ष्म फुगे, कोरडा हिरवा आणि काळा रंग. लांबी दगडापेक्षा अर्धी छटा फिकी ठेवली. हातभर अंतरावरून दिसत नाही, जवळून दिसते, आणि तसंच हवं होतं. वेणीवरचा पांढरा डाग घासला नाही. त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात दिला, डाग तीन-चतुर्थांश बुडाला. सबंध शिल्पाला पॉलिश केलं नाही.

निष्पत्ती

एकूण खर्च १,१५० डॉलर, त्यात भाषांतर आणि कुटुंबाचं मानधन धरून. विमा कंपनीने सुधारित अहवाल मान्य केला, त्याला बोटांच्या टोकांचे भिंगातून काढलेले फोटो कामी आले. वर्षभराने सांध्यावर पेन्सिलीच्या दोन खुणांमधलं अंतर मोजलं, फरक नव्हता. नोंदवहीतून ‘मर्मेड’ काढलं नाही. दात्याने दिलेलं नाव म्हणून ते खाली ठेवलं आणि वर ‘तालीलायू’ लिहिलं. पाटीवर हातांबद्दल एक ओळ आली. ती नव्हती तेव्हा लोक वाचनालयाच्या काउंटरवर येऊन सांगायचे की पुतळ्याची बोटं मोडली आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

देणगी आली त्याच दिवशी स्थितिपत्रक भरायला हवं होतं. प्रत्येक शिल्पाचे आठ फोटो, हात-पाय-कडांची नोंद, जडवलेलं काही असेल किंवा निघालेलं असेल तर त्याची जागा. अर्ध्या तासाचं काम. ते असतं तर आठ बोटांचा वाद उभाच राहिला नसता. दात्याच्या नातेवाइकांकडे दिवाणखान्याचा एक जुना फोटो होता, तो काम संपल्यावर चार महिन्यांनी मिळाला. त्यात केसांपाशी एक पांढरा ठिपका दिसतो, फणी की फोटोवरचा डाग ते ओळखता येत नाही. तो आधी कुटुंबाला पाठवता आला असता, तर फणीचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

खोक्याचं तर काय सांगायचं. ५ किलोवरचा दगड पुठ्ठ्यात हलवायचा नाही. खाली प्लायवूडची फळी, दोन माणसं, एक हात पोटाखाली, एक छातीखाली. शेपटी, वेणी आणि हात ही पकडायची जागा नाही.

आता शिल्प उत्तरेच्या भिंतीशी, काचेत आहे. देखभालीच्या पत्रकात तीन ओळी आहेत. तापमान ३० अंशांवर गेलं तर कळवायचं. मेण पुन्हा लावायचं नाही. केसांतल्या भोकात धूळ साठते, ती दर तीन महिन्यांनी कोरड्या मऊ ब्रशने काढायची, पाणी लावायचं नाही, आत जुना गोंद आहे.